सरपणकड्यावरचा आखूड रोप

संपादकांनी 'एखादा थरारक अनुभव लिहा' असं कळवलं आहे. आमच्या कामात थरार झाला म्हणजे कोणीतरी चूक केली, एवढाच त्याचा अर्थ. काम नीट झालं तर लोक कडा चढतात, फोटो काढतात, उतरतात, पिठलं-भाकरी खातात आणि घरी जातात. त्यात लिहिण्यासारखं काही उरत नाही. चोवीस वर्षांत माझ्या वहीत थराराच्या तीन नोंदी आहेत. तिन्ही चुका माझ्या आहेत. तेव्हा या विषयावर लिहायला माझ्याइतका लायक माणूस जुन्नर तालुक्यात मिळणं अवघड.

आधी काम काय ते सांगतो. मढच्या पश्चिमेला, पायी दीड तासावर सरपणकडा आहे. डोंगराच्या धारेवर एक उभी भिंत, अठ्ठेचाळीस मीटर उंच आणि जाडीला जेमतेम सहा मीटर. लांबून पाहिलं तर कोणी सरपणाची लाकडं एकावर एक आडवी रचून ठेवली आहेत असं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की ती दगडाची आहेत, पाच-सहा बाजूंची, टोकं आपल्याकडे केलेली. जाणकार सांगतात की जमिनीला उभी भेग पडली, खालून लाव्हा वर आला आणि भेगेतच थिजला. लाव्हा थिजताना तडकतो आणि त्याचे खांब होतात. पसरलेला लाव्हा वरून निवतो म्हणून त्याचे खांब उभे राहतात. हा दोन्ही बाजूंनी निवला म्हणून याचे खांब आडवे. आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि भिंत राहिली. वाडीतले लोक म्हणतात, एका सासुरवाशिणीनं रचलेलं हे सरपण आहे, सासूनं जाळायला दिलं नाही. दोन्हीपैकी काय पटवून घ्यायचं ते गिऱ्हाइकानं ठरवावं. आम्ही चढवण्याचं काम करतो.

आम्ही म्हणजे मी, दत्तात्रय, आणि जुन्नरचे युसूफभाई. युसूफभाईंचं लोखंडकामाचं दुकान आहे. सुरुवातीच्या मेखा त्यांनीच भट्टीत घडवल्या, आता तयार बोल्ट येतात ते ठोकतात. माझ्याकडे रोप, म्हणजे चढाईचा दोर, कमरेचे पट्टे आणि वही. त्याआधी मी एका ठेकेदाराकडे कालव्याच्या कामावर टेप धरायला होतो. ती सवय गेली नाही. प्रत्येक रोपाची लांबी, खरेदीपासून किती वेळा वापरला, किती वेळा धुतला, सगळं मी लिहितो. युसूफभाई मला 'टेपवाले' म्हणतात. त्यांच्या तोंडून ते कौतुकाचं वाटतं, असं मी वीस वर्षं समजत होतो.

पहिल्या दोन चुका छोट्या आहेत, त्या उरकून टाकतो.

पहिली अशी. एकदा गट उतरवून झाला, सामान भरलं, आणि लक्षात आलं की टेप वर राहिली. तीस मीटरची, पोलादी. मी एकटाच परत चढलो. टेप सापडली. मग उतरायला वळलो तर रोप कुठे? रोप खाली, पिशवीत, व्यवस्थित गुंडाळून, मीच भरलेला.

युसूफभाईंनी खालून पाहिलं. "क्या हुआ?"

"रोप खाली राहिला!"

"टेप मिली ना?"

"मिळाली!"

"तो टेप पकड़के उतरो!" आणि ते डबा उघडून जेवायला बसले. जेवून, हात धुऊन, मग ते रोप घेऊन वर आले.

दुसरी चूक मधमाश्यांची. कड्याच्या उत्तर अंगाला आग्या मोहोळं असतात. आमची वाट दक्षिण अंगाने. मी दोन्हीमधलं अंतर मोजून ठेवलं होतं, बत्तीस मीटर, आणि गिऱ्हाइकांना सांगायचो, "बत्तीस मीटर म्हणजे काही काळजी नाही." एकदा लग्न ठरलेलं एक जोडपं लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलं. नवरदेवानं अंगावर अर्धी बाटली अत्तर ओतलं होतं. माश्यांना बत्तीस मीटर मोजायला चार सेकंद लागले. नवरदेव वाचला, कारण मी त्याच्यावर पालथा पडलो. मला एकोणीस डंख. फोटोवाल्यानं तेवढाच एक फोटो चांगला काढला, पण तो त्यांनी लग्नात लावला नाही.

माश्या शांत झाल्यावर मोहोळाच्या बाजूने एक माणूस चालत आला. तो कोंडिबा. वरच्या वाडीचा, कड्यावरून दोरानं उतरून मध काढणारा. तीन पिढ्यांचं काम. माझं सुजलेलं तोंड त्यानं नीट निरखलं.

"भाऊ, तुमी त्यांना टेप दाखिवली न्हाई का?"

तेव्हापासूनची ओळख. कोंडिबाची रीत माझ्या बरोब्बर उलट. त्याच्याकडे ना वही, ना माप. दोर सोडायचा, त्याच्या टोकाला धोंडा बांधायचा, आणि खाली उभ्या माणसानं "टेकला!" अशी आरोळी द्यायची. आरोळी ऐकल्याशिवाय कोणी कड्यावर पाय टाकायचा नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे वर दोर धरायला बायकोचा भाऊ पाहिजे. दुसरा कोणी चालत नाही, सख्खा भाऊसुद्धा नाही.

"सख्खा का नको?" मी विचारलं होतं.

"त्याला जिमिनीत वाटा मिळतोय की. मेव्हन्याला काय मिळल? त्याची बहीन उघडी पडल. त्यो दोर सोडत न्हाई."

मी त्याला माझा बोल्ट दाखवला. सांगितलं, हा बावीसशे किलो पेलतो, याला मेहुणा लागत नाही.

कोंडिबानं बोल्टवर बोट फिरवलं. "लोखंडाला बहीन असती व्हय?"

मी हसलो. वहीत लिहिण्यासारखं ते मला वाटलं नव्हतं.

आता तिसरी नोंद.

निरगुडसरकडच्या एक बाई आल्या. भूगोलाच्या शिक्षिका, नुकत्याच निवृत्त, वय अठ्ठावन्न, वजन चौसष्ट किलो. वजन मी विचारतोच, आणि त्यांनी ते न लपवता सांगितलं, म्हणून मला त्या पहिल्याच भेटीत आवडल्या. एकट्या आल्या होत्या. मढहून चालताना त्यांनी येण्याचं कारण सांगितलं.

"एकतीस वर्षं मी फळ्यावर बेसॉल्टचे खांब काढले. उभे. पुस्तकात तसेच आहेत. एकदा मढकडचा एक मुलगा उठून म्हणाला, बाई, आमच्याकडं आडवे आहेत. मी त्याला म्हटलं, पुस्तकात बघ आणि खाली बस. वर्ग हसला. तो पुन्हा कधी काही बोलला नाही." थोडं चालून त्या म्हणाल्या, "मला त्या खांबांवर हात ठेवायचा आहे. लांबून बघून चालणार नाही."

मी मनात म्हटलं, माणसानं छापील गोष्टीवर इतकं विसंबू नये. खरंच असं म्हटलं. लिहिताना लाज वाटते, पण नोंद ती नोंद.

त्या दिवशी मी नवाकोरा रोप काढला होता. पूर्वीचा साठ मीटरचा होता, हा पन्नासचा घेतला. कारण हिशेब साधा. कड्याचा माथा ते पायथ्याचा ओटा, अठ्ठेचाळीस मीटर वीस सेंटिमीटर. रोप आला त्याच दिवशी अंगणात पसरून मोजला होता, पन्नास मीटर चाळीस. दोन्ही टोकांच्या गाठींना एक मीटर चाळीस जातात. शिल्लक ऐंशी सेंटिमीटर. दहा मीटर जादा रोप दर वेळी डोंगरावर का वाहायचा? नवा रोप गुळगुळीत असतो, हातातून निसटतो, म्हणून वापरण्याआधी मी तो दोनदा धुतला. गरम पाण्यात, साबण घालून, सावलीत वाळवून. धुतल्याची नोंद केली, दोन्ही वेळची.

बाई चढल्या छान. मधल्या एका जागी पंधरा मिनिटं अडल्या, मला 'शांत बसा, सूचना नकोत' म्हणाल्या, आणि स्वतः वाट काढली. माथ्यावर कोंडिबा बसला होता. मोहोळं बघायला आला होता. बाईंना पाहून त्यानं टोपी सरळ केली.

"बाई, उतरताना तुमचा दोर कोन धरनार?"

"म्हणजे?"

मी मेहुण्याची रीत सांगितली. बाईंनी विचार केला. "बाई उतरणार असेल तर मग कोण? तिचा भाऊच ना?"

"बराबर. तुमचं भाऊ कुठंयत?"

"पुण्यात. त्याला दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट लागते."

कोंडिबा हसला. "मंग मी धरतो. आजच्यापुरतं भाऊ म्हना."

माझी हरकत नव्हती. उतरण्याची रीत अशी की, मुख्य रोप माथ्यावरच्या बोल्टला बांधलेला, त्यावरून माणूस कमरेच्या चकतीतून स्वतःला खाली सोडतो. आणि दुसरा, जुना, जादा लांबीचा रोप कमरेला बांधून वरचा माणूस हळूहळू सोडत राहतो, काही झालंच तर म्हणून. तो दुसरा रोप मी धरला, माझ्यामागे कोंडिबा बसला.

मुख्य रोप खाली टाकताना त्यानं विचारलं, "टेकला का?"

युसूफभाई चहाचं सामान घेऊन पायथ्यानं वळसा घालत ओट्याकडे निघाले होते, अजून पोचायचे होते. माथ्यावरून पायथा दिसत नाही. पश्चिमेकडून ढग येत होते. मी म्हणालो, "ऐंशी सेंटिमीटर शिल्लक आहे."

"मी इचारलं टेकला का."

"अरे बाबा, मोजलाय मी."

बाई निघाल्या. आवाज येत होता. "इथे सहा बाजूंचा!" "हा पाच बाजूंचा!" मग आवाज थांबला आणि खालून युसूफभाईंची हाक आली.

"टेपवाले! रोप कम पड़ गया!"

सरपणकड्याचा खालचा भाग आत खोल गेलेला आहे. रचलेल्या मोळीतली खालची लाकडं कोणी उपसावीत तसे तिथले खांब निखळून पडले आहेत. त्यामुळे शेवटी माणूस कड्यापासून दोन मीटर बाहेर, हवेत लोंबतो. ओटा त्याच्या बरोबर खाली नसतो, बाजूला असतो. दर वेळी युसूफभाई रोपाचं लोंबतं टोक ओढून गिऱ्हाइकाला ओट्यावर घेतात. आज ओढायला टोकच नव्हतं. बाई शेवटच्या गाठीवर येऊन अडकल्या होत्या. पाय टेकायला कातळ नाही, खाली काटेरी उतार. रोप तीन मीटरहून जास्त आखूड होता.

बाहेरच्या वाचकांना यात काय मोठं, असं वाटेल. माणूस पट्ट्यात बसला आहे, पडत तर नाही. पण पट्ट्यात नुसतं लोंबत राहिलं की पायातलं रक्त वर फिरत नाही. माणूस घेरी येऊन शुद्ध हरपतो, आणि मग जीवही जाऊ शकतो. दर शिबिरात मी हे फळ्यावर लिहून शिकवतो. बाईंचं वय अठ्ठावन्न. मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बेचाळीस.

"बाई! पाय हलवत राहा! सायकल चालवल्यासारखे!"

"हलवतेय!" आवाज अगदी वर्गातला. "पण का?"

का ते मी सांगितलं नाही.

उपाय एकच होता. दुसऱ्या रोपानं त्यांना हातभर वर ओढायचं, म्हणजे मुख्य रोपावरचा भार सुटेल. मग त्याची वरची गाठ सोडायची आणि दुसऱ्या रोपावर खाली सोडायचं. हातभर वर. चौसष्ट किलो, शिवाय कड्याच्या धारेचं घर्षण. मी कप्पी काढली आणि पुटपुटत हिशेब मांडू लागलो. एका कप्पीनं निम्मा भार, पण घर्षणाला किती धरायचं, चाळीस टक्के की पन्नास.

"भाऊ," कोंडिबा म्हणाला, "ह्ये घरी जाऊन कर. आता वढ."

"कप्पी आधी..."

"लाव की मंग. बोलतो कशाला?"

कप्पी लावली. दोघांनी ओढलं. रोप नुसता ताणला, बाई हलल्या नाहीत. पुन्हा ओढलं. मला एकच दिसत होतं, वहीतलं ते पान, पन्नास पूर्णांक चाळीस, खाली दोन रेघा मारलेलं. कोंडिबानं धारेवरच्या एका खांबाच्या टोकाला पाय लावला, रोप कमरेभोवती घेतला आणि मागे झुकला. साठीचा माणूस. मानेच्या शिरा तटतटल्या. तो बाईंशीच बोलत होता, मोठ्यानं नाही, स्वतःशीच बोलावं तसं. "ये बये, ये वर. ये बये."

खालून बाईंची आरोळी आली, "दत्तात्रय! पायाला मुंग्या येतायत!"

"हलवा!"

"हलत नाहीयेत आता!"

तिसऱ्या ओढीला रोप चार बोटं आला. चौथ्या ओढीला वीतभर. पाचव्या ओढीला मुख्य रोप सैल पडला. मी गाठ सोडली. रोज दहा सेकंदांत सुटणारी गाठ, तिला किती वेळ लागला ते लिहीत नाही, कारण तेव्हा मी घड्याळ पाहिलं नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच.

मग हळूहळू खाली सोडलं. खाली युसूफभाईंनी वळशावरून एक लांब वाळका कळक पैदा केला होता. तो पुढे करून ते ओरडत होते, "बाई, पकडो! झाडू जैसा पकडो!" बाईंनी पकडला. युसूफभाईंनी खेचलं. मग दोन्ही हातांचा भोंगा करून युसूफभाई ओरडले, "टेकल्या!"

बारा वाजून एक. एकोणीस मिनिटं.

मी दुसऱ्या रोपावरून खाली आलो तेव्हा बाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. युसूफभाई त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावायला बाटली पुढे करत होते, आणि बाई स्वतःच लावत होत्या. चेहरा लाल, पण खुललेला.

"दत्ताभाऊ, तिथं थांबवलंत ते फार बरं केलंत. सगळी टोकं समोर! मी मोजली. पाच बाजूंचे जास्त आहेत, सहाचे कमी. पुस्तकात सहाचेच देतात. पाय दुखले, पण असं बघायला दुसरी जागाच नाही ना?"

त्यांना वाटत होतं की तो कार्यक्रमाचाच भाग होता, युसूफभाईंची 'रोप कम' ही हाकसुद्धा.

युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी म्हणाले, आता गप्प बस. कोंडिबा मागून उतरत होता, तो तर काही बोलणारच नव्हता. बाई खूष होत्या. एकतीस वर्षांनी दगडावर हात ठेवून आल्या होत्या. तो आनंद त्यांच्याकडे राहू द्यायला मला फक्त चहा घ्यायचा होता.

मी टेप काढली. रोप ओट्यावर पसरला आणि मोजला. सेहेचाळीस मीटर तीस.

"चूहे खा गये?" युसूफभाई म्हणाले.

कोंडिबानं रोप चिमटीत धरून पाहिला. "कडक झालाय. धुतला व्हता?"

"दोनदा. गरम पाण्यात."

"मंग आटनारच की. सुंबाचा दोर बी पान्यानं आटतो. तुजा कशाला सोडल?"

मी बाईंसमोर उभा राहिलो आणि सांगितलं. रोप आखूड होता. आटला होता. आटल्यावर मी मोजला नाही, कारण वहीत आकडा होता. कोंडिबानं दोनदा विचारलं, तरी खालून आरोळी येऊ दिली नाही. आणि तुम्ही तिथं लोंबत होता तेव्हा जीव धोक्यात होता.

बाईंचा हात तेलाच्या बाटलीवरच राहिला. युसूफभाईंनी त्यांच्या हातात कप दिला, त्यातला निम्मा चहा कपड्यांवर सांडला.

"हे मला आज सांगायची गरज होती का?" त्यांनी विचारलं.

"चूक आजची आहे," मी म्हणालो. याहून बरं काही सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही.

मढपर्यंत त्या माझ्या पुढे चालल्या. गाडीत बसताना मी नेहमीप्रमाणे प्रमाणपत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं आणि परत दिलं. "यात 'सुरक्षितपणे' असं छापलंय." त्या गेल्या.

घरी सुनंदाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या दोन साड्या गरम पाण्यानं आटल्या तेव्हा तुम्ही इथंच होतात. मोजल्या का नाहीत?" तो रोप मी कापून टाकला. म्हणजे कापण्याआधी पुन्हा एकदा मोजला. माणूस बदलत नाही.

त्या हंगामात मी कोणालाच चढवलं नाही. युसूफभाई म्हणाले, "गलती किससे नहीं होती." मला ते पटत होतं, पण कड्याकडे पाय वळत नव्हता. वही कपाटात ठेवली. ओझरला दर्शनाला जाणारे ओळखीचे भेटत, विचारत, 'कधी चढवताय?' मी गुडघ्याचं कारण सांगायचो. गुडघा तेव्हा ठणठणीत होता.

जानेवारीत फोन आला. बाईंचा.

"माझ्या जुन्या शाळेतली एकोणीस मुलं आहेत. नववीची. त्यांना ते आडवे खांब हातानं बघायचेत. चढवाल का?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही दुसरीकडे बघा. चांगली माणसं आहेत, नंबर देतो."

"नंबर आहेत माझ्याकडे. तिघांना फोन केले. तिघंही म्हणाले, आमच्याकडून आजवर एकही चूक झालेली नाही." मग म्हणाल्या, "मी वर्गात अशा मुलांच्या वह्या आधी तपासायचे. तर ऐका. रोप मी मोजणार. त्या दिवशी, तिथंच, मुलांसमोर. आणि खालून आरोळी आल्याशिवाय एकही पोर कड्यावरून निघणार नाही. चालेल?"

चाललं. त्याला आता पाच वर्षं झाली. दर जानेवारीत बाई मुलं घेऊन येतात. वाडीच्या खळ्यात रोप पसरतात, माझीच टेप घेतात आणि मीटर-मीटर मोठ्यानं म्हणत जातात. मुलं मागून म्हणतात. मी बाजूला हात मागे बांधून उभा असतो. मधे बोलायची मला परवानगी नाही. एकदा त्रेचाळीसनंतर त्या चुकून पंचेचाळीस म्हणाल्या. मी खोकलो, तर 'दत्तात्रय, शांत' म्हणाल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

या जानेवारीत मंचरचे एक पालक मुलीबरोबर आले होते. कांदा-बटाट्याचा व्यापार, सगळं जग बघितलेला माणूस. ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. निवृत्त बाई गुडघ्यांवर बसून रोप मोजतायत आणि ज्याचा रोप आहे तो नुसता बघतोय, हे त्यांना पटेना. थोडा वेळ त्यांनी दम धरला, मग हळूच विचारलं,

"पावनं, राग नका मानू. तुमाला मोजता येत न्हाई का?"

"येतं," मी म्हणालो. "म्हणूनच त्या मोजतात."